रोजची १०,००० पावले आणि नियमित व्यायाम : दोन्हींचा मेळ कसा घालावा?

प्रश्न : टिळकवाडीची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी ४९ वर्षांची असून बेळगावातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत मुलाने पावले मोजणारे मनगटी घड्याळ आणून दिले, तेव्हापासून रोज १०,००० पावले पूर्ण करण्याचा नेम मी धरला आणि सहा-सात महिने तो जवळजवळ खंड पडू न देता पाळला. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून फेऱ्या, शाळेची ये-जा आणि संध्याकाळी दुसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला भाजीसाठी जाणे, एवढ्यात आकडा सहज भरत असे. वजन तीन किलोंनी उतरले, झोप सुधारली आणि दुपारनंतर येणारा थकवाही कमी झाला.

मे महिन्यात माझ्या आईचे घरातल्या घरात पडून खुब्याचे हाड मोडले. तिच्या उपचारांच्या निमित्ताने डॉक्टरांशी बोलताना त्यांनी माझीही चौकशी केली आणि सांगितले की, चालणे उत्तमच आहे, परंतु या वयात स्नायूंना आणि हाडांना भार देणारा व्यायामही हवा. म्हणून जूनपासून मी आठवड्यातून चार दिवस सकाळी पाऊण तास व्यायामवर्गाला जाऊ लागले. तिथे उठाबशा, हलकी वजने उचलणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे असे प्रकार असतात. घामाघूम होऊन बाहेर पडावे, तर घड्याळात त्या पाऊण तासाची जेमतेम ६०० पावले नोंदलेली असतात. पहाटेची फेरी तर वर्गामुळे बुडालेलीच असते.

त्यामुळे रात्री जेवणानंतर भांडी आवरून घड्याळ पाहावे, तर आकडा ७,८०० च्या आसपास असतो. उरलेली पावले भरण्यासाठी मी स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत, शहाबादी फरशीवर अनवाणी, येरझारा घालते. एक जाऊन-येऊन खेप २२ पावलांची होते, म्हणजे २,२०० पावलांसाठी शंभर खेपा. पावसामुळे बाहेर जाता येत नाही आणि गेले तरी छत्री धरलेल्या हाताला घड्याळ असल्यास पावले कमी मोजली जातात, असे माझ्या लक्षात आले आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टेकताच उजव्या टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. दहा-बारा पावले टाकली की ती ओसरते आणि शाळेत दोन तास उभी राहिले की पुन्हा सुरू होते.

व्यायामाच्या दिवशी पावलांचे उद्दिष्ट कमी केले तर चालेल का, की नेम मोडल्यासारखे होईल? चार दिवस व्यायाम खरोखर आवश्यक आहे का? आणि दोन्ही एकाच दिवशी करायचे असल्यास आधी काय करावे? ज्यांनी हा मेळ बसवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : शहापूरमधील फिजिओथेरपिस्ट

ताई, नमस्कार. आधी टाचेविषयी लिहितो, कारण ती शांत झाल्याशिवाय पुढची कोणतीही योजना टिकणार नाही. पहिल्या पावलाला तीव्र कळ, थोडे चालल्यावर आराम आणि बराच वेळ उभे राहिल्यावर पुन्हा दुखणे, हे प्लांटर फॅसायटिसचे, म्हणजे टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली जो चिवट पट्टा असतो त्याच्या दुखण्याचे, नेहमी आढळणारे लक्षण आहे. तपासल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही, म्हणून एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्यावे. तोपर्यंत रात्रीच्या अनवाणी येरझारा आजपासून बंद कराव्यात. महिनाभरात उठाबशांचा नवा भार, शाळेतले उभे राहणे आणि दगडी फरशीवरच्या शंभर खेपा हे सारे एकाच टाचेवर आले आहे. मऊ तळव्याच्या चपला पलंगाशेजारी ठेवा आणि पहिले पाऊल त्यांतच टाका. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ ठेवून पोटरी ३० सेकंद ताणावी, असे दिवसातून दोन-तीन वेळा करावे. कळ थोडी उतरल्यावर पायरीच्या कडेवर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाचा सावकाश उचलाव्यात आणि तितक्याच सावकाश खाली आणाव्यात. हा व्यायाम दिवसाआड पुरतो.

आता १०,००० या आकड्याविषयी, कारण आपल्याला नेम मोडल्याची जी रुखरुख वाटते तिचे मूळ या आकड्यात आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली आणि १९६५ मध्ये यामासा या जपानी कंपनीने कमरेला लावायचे एक पाऊलमापक बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोळाबेरीज होता, लक्षात राहण्याजोगा होता आणि तो जगभर रूढ झाला. इतक्याच पावलांनी आरोग्य मिळते, असे दाखवणारे मोठे संशोधन त्या वेळी त्याच्या पाठीशी नव्हते.

तसे संशोधन बऱ्याच उशिरा झाले. अमेरिकेतील १६,७४१ स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. पुढे २०२२ मध्ये १५ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात साठीच्या पुढील लोकांसाठी ही मर्यादा ६,००० ते ८,००० आणि त्याखालील वयाच्या लोकांसाठी ८,००० ते १०,००० पावलांच्या दरम्यान दिसली. ही निरीक्षणे आहेत, आणि जो आधीच आजारी आहे तो कमी चालतो ही गोष्ट त्यातून पूर्णपणे वेगळी काढता येत नाही. तरीही एक बाब पुरेशी स्पष्ट आहे. सर्वात मोठा फायदा अगदी कमी चालणाऱ्याने थोडे जास्त चालू लागण्यात आहे. ७,८०० चे १०,००० करण्यासाठी दुखती टाच फरशीवर घासण्याइतका फायदा त्या शेवटच्या पावलांत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पावलांचा आकडा मुळीच नाही. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार हालचाल, आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील मुख्य स्नायूंना भार देणारा व्यायाम, असे त्यांचे सांगणे आहे. या दोन गोष्टी त्यांनी जाणूनबुजून वेगवेगळ्या मांडल्या आहेत, एकीने दुसरीची भरपाई होत नाही. मिनिटाला साधारण १०० पावले पडत असतील तर ती मध्यम गती समजतात. त्या गतीत बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. या हिशेबाने १५० मिनिटे म्हणजे आठवड्याला १५,००० पावले झपाझप चालणे होय. बाकीची पावले घरात आणि शाळेत कशीही पडली तरी चालतील, परंतु ही १५,००० मात्र दम लागेल अशी असावीत. शंभर खेपांच्या येरझारांत एकही पाऊल त्या गतीने पडत नाही, हे आपल्याही लक्षात येईल.

स्नायूंच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू कमी होत जाते, आणि रजोनिवृत्तीच्या आसपासच्या काही वर्षांत स्त्रियांच्या हाडांची झीज वेगाने होते. सपाट रस्त्यावरच्या चालण्याने हृदय, रक्तदाब आणि साखर यांना निश्चित लाभ होतो, पण हाडांच्या घनतेत त्याने फारशी भर पडत नाही. त्यासाठी भार लागतो. मात्र चार दिवस करण्याची सक्ती नाही. एका स्नायूसमूहाला चांगला भार दिल्यावर त्याला सावरण्यासाठी साधारण दोन दिवस द्यावेत, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस मन लावून केलेत तरी पुरे. टाच बरी झाल्यावर तिसरा दिवस वाढवावा.

पावलांचा हिशेब दिवसाचा न ठेवता आठवड्याचा ठेवावा, असे मी सुचवेन. व्यायामाच्या दोन दिवशी ५,००० आणि उरलेल्या पाच दिवशी ८,००० धरली तर आठवड्याची ५०,००० होतात, म्हणजे रोजची सरासरी ७,१०० च्या वर जाते. टाच दुखते आहे तोवर या आकड्यातूनही हजार-दोन हजार वजा करायला हरकत नाही. दोन्ही एकाच दिवशी असतील तर आधी सात-आठ मिनिटे साधे चालून अंग मोकळे करावे, मग भाराचा व्यायाम करावा आणि लांब चालणे शेवटी किंवा संध्याकाळी ठेवावे. चार-पाच किलोमीटर चालून दमलेल्या पायांनी वजन घेऊन उठाबशा काढल्या की गुडघा आत वळतो आणि कंबर वाकते, हे मी रोज पाहतो. उठाबशांसाठी सुरुवातीला मागे खुर्ची ठेवून तिच्यावर टेकून उठणेच योग्य.

उत्तर २ : अनगोळचा जुना मल्ल

ताई, माझे वय ६३ आहे. वयाच्या अकराव्या वर्षापासून तिशीपर्यंत मी तालमीत होतो. वस्ताद पहाटे रस्त्यावर पळायला पाठवत असत आणि परत आल्यावर हौद्यात उतरण्याआधी जोर, सपाट्या आणि बैठका काढून घेत असत. पळालो म्हणून बैठका माफ झाल्या, असे कधीच घडले नाही. पळण्याने दम येतो आणि मेहनतीने बळ येते, या दोन वेगळ्या कमाया आहेत, असे ते सांगत. मोजणीसाठी खडे मांडलेले असत. पंचवीस बैठका झाल्या की एक खडा डावीकडून उजवीकडे जाई.

नोकरी लागल्यावर मेहनत सुटली आणि चालणे तेवढे राहिले. निवृत्तीनंतर तर मी रोज १२,००० पावले चालू लागलो. रेसकोर्सच्या बाजूने कॅम्पात मिलिटरी महादेवापर्यंत जाऊन येणे हा ठरलेला रस्ता होता आणि आपल्या प्रकृतीत काही कमी नाही, अशी माझी खात्री होती. गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात जमिनीवरची पंगत होती. जेवण झाले, सगळे उठले आणि मला मात्र शेजारच्या मुलाच्या खांद्यावर हात टेकल्याशिवाय उठता आले नाही. त्या दिवशीही सकाळी माझी १२,००० पावले झालेली होती. घरी येऊन मांडीला टेप लावला, तर ज्या मांड्यांत धोतर आवळून बसायचे त्या हाताच्या वितीत मावण्याइतक्या उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीचे गज धरून पाच बैठका सुरू केल्या. आठवड्यातून तीन दिवस, आणि दर दोन आठवड्यांनी दोन बैठका वाढवायच्या, असा क्रम ठेवला. आज वीस-वीसच्या दोन फेऱ्या होतात आणि गज सुटले आहेत. पावले मी ७,००० वर आणली. वाचलेल्या वेळेत मेहनत होते. रविवारी येळ्ळूरहून राजहंसगड चढतो, तो चढ मी पावलांत मोजत नाही. ज्यांना गडावर जाणे जमत नाही त्यांनी कपिलेश्वर उड्डाणपूल चार वेळा चढून उतरावा, पोटऱ्यांना पुरेसे काम मिळते.

वरच्या फिजिओथेरपिस्ट साहेबांच्या एका म्हणण्याला मात्र मी थोडी जोड देतो. खुर्ची सुरुवातीला ठीक आहे, पण तिथेच थांबू नये. आपण देवळात, पंगतीला, ओसरीवर जमिनीवर बसणारी माणसे आहोत, त्यामुळे उठण्याची ताकद जमिनीपासूनची हवी.

उत्तर ३ : खानापूर तालुक्यातील शेतकरी महिला

आमच्या भागातील बायकांच्या दृष्टीने एक बाब मांडते. आषाढात रोप लावणीच्या दिवसांत माझ्या मुलीने तिचे घड्याळ माझ्या हाताला बांधले होते. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत डोक्यावर इरले घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून लावणी केली, आणि रात्री घड्याळात ४,१०० पावले होती. त्याच मुलीची बेळगावात महाविद्यालयात जाऊन-येऊन ९,००० झाली होती. त्या दिवशी कोण जास्त दमले हे घरात कुणाला विचारावे लागले नाही. त्यामुळे घड्याळ जे मोजते तेवढेच कष्ट, असे शहरातील भगिनींनीही मानू नये.

पण याची दुसरी बाजूही मी अनुभवली आहे. मळणी झाली की फेब्रुवारीपासून धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतल्या) पेरणीपर्यंत आमचे शरीर जवळजवळ बसून असते आणि मग एकदम कामाला जुंपल्यावर कंबर धरते. गेल्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी नदीपर्यंत चालत गेले आणि आठवड्यातून तीन दिवस भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलून ठेवण्याचा व्यायाम केला. यंदा लावणीत कंबर दुखली, पण अंथरुणाला खिळले नाही. आम्हाला आठवड्याचा हिशेब उपयोगी नाही, हंगामाचा लागतो. लावणीच्या महिन्यात वेगळे चालणेही नको आणि वेगळा व्यायामही नको, मिळेल तेवढी झोप घ्यावी.

उत्तर ४ : निपाणीचा दुकानदार

मला ११ वर्षांपासून मधुमेह आहे आणि दिवसभर गल्ल्यावर बसून काम असते. माझ्या अनुभवाप्रमाणे पावले किती झाली याइतकेच ती केव्हा झाली हेही महत्त्वाचे आहे. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदाच सलग ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर हा फरक सर्वात ठळक होता. हे कळल्यावर मी दोन वेळच्या जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालू लागलो. दिवसाची एकूण पावले पूर्वीइतकीच राहिली, परंतु जेवणानंतरचे माझे आकडे सुधारले.

म्हणून ताई, रात्रीचे चालणे सर्वस्वी सोडू नका. टाच बरी झाल्यावर चपला घालून फक्त दहा मिनिटे चाला आणि घड्याळ न पाहता थांबा. माझ्यासारख्या रुग्णांना एक विनंती आहे. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भाराचा व्यायाम नव्याने सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. उपाशीपोटी व्यायाम करताना एकदा माझे हात थरथरू लागले होते आणि समोरचे शटर दोन दिसू लागले होते, तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : टिळकवाडीची शिक्षिका (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. टाच दाखवली, निदान फिजिओथेरपिस्ट सरांनी लिहिले तेच निघाले. येरझारा त्याच रात्री बंद केल्या. पहिले चार-पाच दिवस रात्री अपुरा आकडा पाहून अस्वस्थ वाटे, म्हणून घड्याळातील रोजचे उद्दिष्ट ५,००० वर आणून ठेवले आणि आठवड्याची बेरीज कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात लिहू लागले. पहिल्या आठवड्यात ३८,६००, नंतर ४१,२००, ४४,०००, ४७,३०० आणि परवाच्या रविवारी ४९,८०० अशी ती आहे. व्यायामवर्ग मंगळवार आणि शुक्रवार असा ठेवला. बाकीच्या दिवशी पहाटे अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालते. सकाळची कळ आता आठवड्यातून एखाद्याच दिवशी येते आणि तीही सौम्य.

अनगोळच्या काकांचे पंगतीचे उदाहरण वाचून मी त्या संध्याकाळी देवघरासमोर बसले आणि हात न टेकता उठून पाहिले. मला जमले नाही. सहा महिने रोज १०,००० पावले चालूनही जमले नाही, हे माझ्यासाठी धक्कादायक होते. आई आता वॉकर धरून उभी राहते, आणि तिला उठवताना माझ्याच पायांत किती बळ हवे हेही रोज कळते.

एक शंका उरली आहे. खुर्चीवरून उठण्याच्या बारा-बारा उठाबशांच्या तीन फेऱ्या आता विनासायास होतात. यापुढे संख्या वाढवावी, की खुर्ची काढावी?

उत्तर ५ : शहापूरमधील फिजिओथेरपिस्ट

ताई, संख्या वाढवू नका, भार वाढवा. दोन किलो तांदूळ कापडी पिशवीत भरून ती छातीशी दोन्ही हातांनी धरा आणि त्याच खुर्चीवर आठ-आठच्या तीन फेऱ्या करा. शेवटच्या दोन उठाबशा कष्टाने झाल्या पाहिजेत, मात्र गुडघ्यात दुखता कामा नये. दोन आठवड्यांनी ते सोपे वाटल्यावर पिशवी बाजूला ठेवून खुर्चीऐवजी बुटके स्टूल घ्या आणि पुढे त्याऐवजी पाट घ्या. अनगोळच्या काकांचे म्हणणे मला मान्य आहे, जमिनीपर्यंत पोहोचायचेच आहे, फक्त पायरीपायरीने. ज्या आठवड्यात भार किंवा खोली वाढवाल त्या आठवड्यात पावलांची बेरीज वाढवू नका, ४८,००० च्या आसपासच राहू द्या. आणि आईंना वॉकरशिवाय उभे करण्याची घाई करू नका. त्यांच्या व्यायामासाठी त्यांचे एक्स-रे पाहिलेल्या डॉक्टरांनाच विचारावे.